घडीचा फिल्म कॅमेरा : घेताना काय पाहावे, घेतल्यावर कसा वापरावा?

प्रथमरोल

गेली काही वर्षे मी ३५ मिमी फिल्मवर छायाचित्रे काढतो आहे. आता १२० या रुंद रोल फिल्मची मोठी निगेटिव्ह हाताळून पाहावी असे फार मनात आहे. परंतु त्या आकाराचे बहुतेक कॅमेरे इतके अवजड असतात की प्रवासात ते बरोबर नेण्याचा उत्साहच राहत नाही. एका मित्राचा तसा कॅमेरा महिनाभर वापरायला मिळाला होता, त्यातले पंचवीस दिवस तो कपाटातच पडून राहिला. जुने घडीचे कॅमेरे मात्र मिटवले की कोटाच्या खिशात मावतात आणि उघडले की तेवढीच मोठी निगेटिव्ह देतात, असे वाचनात आले.

इतक्या वर्षांनी, काही बाबतींत तर ऐंशी-नव्वद वर्षांनी, हे कॅमेरे खरोखर वापरण्याजोगे उरलेले असतात का, की काचेच्या कपाटात शोभण्यापुरतेच? विकणारे लोक भिंगाचे नाव ठळक अक्षरांत लिहितात आणि बाकीचे सगळे ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांत उरकतात. मग घेणाऱ्याने नेमके काय तपासावे? प्रकाशमापक नसेल आणि अंतर नजरेने अजमावावे लागेल, याची माझी तयारी आहे.

जुनाभाता

वापरण्याजोगे असतात. मी स्वतः १९३० च्या दशकातला एक कॅमेरा नियमित वापरतो. मात्र भिंगाचे नाव सर्वांत शेवटी पाहा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या बाजारात बहुतेकांची फसगत तिथेच होते.

आधी फिल्म कोणती लागते ते पाहा. १२० फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये आणली आणि ती आजही नव्याने तयार होते. १९३२ मध्ये कोडॅकनेच ६२० नावाची फिल्म आणली. तिच्यातली फिल्म आणि मागचा कागद १२० सारखाच असतो, फक्त स्पूलचा दांडा बारीक आणि कडेच्या चकत्या लहान असतात. ६२० चे उत्पादन १९९५ मध्ये बंद झाले. त्यामुळे ६२० चा कॅमेरा घेतला, तर दर वेळी अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या स्पूलवर गुंडाळत बसावे लागते. हे जमते, मी केलेही आहे, पण पहिल्याच कॅमेऱ्यासाठी हा उद्योग मागे लावून घेऊ नये. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे १२० च्या कॅमेऱ्यातही गुंडाळण्याच्या बाजूला एक रिकामे स्पूल लागतेच. ते आत आहे का, हे विचारायला पुष्कळ जण विसरतात आणि नवी फिल्म हातात घेऊन बसून राहतात.

त्यानंतर चौकट, म्हणजे एका चित्राचा सेंटिमीटरमधला आकार. एका १२० रोलवर ६×९ च्या ८, ६×६ च्या १२ किंवा ६×४.५ च्या १६ चौकटी येतात. ३५ मिमीच्या तुलनेत ६×६ चे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून थोडे अधिक भरते आणि ६×९ चे पाच पटींहून अधिक. हा आकडा ऐकला की प्रत्येकाला ६×९ चा मोह होतो. मलाही झाला होता. पण ६×९ मध्ये भिंग साधारण १०५ मिमीचे असते, भाता (भिंग आणि कॅमेऱ्याचे शरीर यांना जोडणारी घड्यांची पिशवी) लांब असतो, भिंग धरून ठेवणाऱ्या पट्ट्या लांब असतात आणि फिल्मचा मोठा पट्टा सपाट ताणून धरावा लागतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वयानुसार सैल होते. ६×६ चे कॅमेरे तुलनेने आखूड, घट्ट आणि लहान असतात, म्हणून पहिला कॅमेरा ६×६ चा घ्यावा असे माझे मत आहे.

कंपन्यांविषयी थोडक्यात. झाइस इकॉन ही कंपनी १९२६ मध्ये चार कंपन्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. तिचे इकोंटा आणि त्याहून साधे नेट्टार हे कॅमेरे अजूनही पुष्कळ सापडतात. फोग्टलेंडरच्या बेसा आणि पर्केओ या मालिका बांधणीला उत्तम आहेत आणि पर्केओ तर मिटवल्यावर आश्चर्य वाटावे इतका लहान होतो. आग्फाच्या इझोलेट मालिकेत बांधणी चांगली आहे, पण तिचा मूळ भाता कृत्रिम कापडाचा असून त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांना छिद्रे पडतात, आणि फोकसच्या आट्यांमधले हिरवे ग्रीस वाळून दगडासारखे होते. या दोन गोष्टी इतक्या सर्वज्ञात आहेत की दुरुस्त करणारी मंडळी त्या गृहीतच धरतात. सोव्हिएत मॉस्कवा-५ हा ६×९ चा, झाइसच्या सुपर इकोंटाच्या धर्तीवर केलेला कॅमेरा आहे. तो मजबूत आहे, पण खिशातला नव्हे.

चिमटा

मी हौसेने हे कॅमेरे खोलतो आणि बहुतेकदा परत जुळवतोही, त्या अनुभवावर लिहितो.

सर्वप्रथम भाता. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची मागची झडप उघडून आत लहान विजेरी ठेवावी, झडपेची बाजू काळ्या कापडाने झाकावी आणि भाता पूर्ण उघडून बाहेरून चारी बाजूंनी पाहावा. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटे द्यावीत, घाई केल्यास बारीक छिद्रे दिसत नाहीत. छिद्रे जवळजवळ नेहमी घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात, सपाट भागावर क्वचितच. दुरून खरेदी करायची असेल, तर विकणाऱ्याला हीच तपासणी करून छायाचित्र पाठवण्याची विनंती करावी. तो टाळाटाळ करू लागला, तर भाता फुटका आहे असे समजूनच पुढची बोलणी करावीत.

दुसरी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. कॅमेरा उघडल्यावर भिंग बसवलेली पुढची पाटी दोन बोटांनी हलकेच हलवून पाहावी. ती डुगडुगत असेल, किंवा बाजूने पाहिल्यावर फिल्मच्या पातळीशी समांतर दिसत नसेल, तर चौकटीचा एक कोपरा स्पष्ट आणि समोरचा कोपरा धूसर येणार, मग भिंग कितीही नामांकित असो. कधीतरी कॅमेरा उघड्या स्थितीत पडलेला असतो, त्याने पट्टी वाकलेली असते, आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ करणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे.

तिसरे, शटर. १/१०० आणि त्याहून वेगवान गती सहसा चालतात, अडतात त्या १ सेकंद, १/२ आणि १/५ यांसारख्या मंद गती, कारण त्यांना आवर घालणाऱ्या चाकांच्या साखळीत जुने तेल चिकट झालेले असते. भ्रमणध्वनीवर दर सेकंदाला २४० चित्रे घेणारे मंदगती चित्रीकरण करता येत असेल, तर झडप उघडी ठेवून, समोर पांढरा उजेड ठेवून मागून शटरचे चित्रण करावे आणि शटर किती चित्रांमध्ये उघडे दिसते ते मोजावे. १ सेकंदाला २४० आणि १/२५ ला साधारण १० चित्रे यायला हवीत. १/१०० च्या पुढे ही रीत भरवशाची नाही.

शटरमध्ये फवाऱ्याचे तेल मारू नये. काही दिवस ते सुरेख चालते, मग तेच तेल पात्यांवर पसरते आणि सगळे घट्ट चिकटून बसते. त्याखेरीज जुन्या शटरवरचा स्वयंचलित विलंबाचा खटका, म्हणजे व्ही अक्षराची खूण, तपासण्याच्या उत्साहात ओढू नये. पुष्कळ शटर तिथेच अडकून कायमची मुकी झालेली मी पाहिली आहेत.

शेवटी काचा. कडेला बुरशीचे एखादे जाळे किंवा दोन-चार ओरखडे असतील, तर फारसे बिघडत नाही. पण विजेरी मागून धरल्यावर आतल्या काचेवर दुधासारखी धूसरता दिसली, तर चित्रातला काळा रंग राखाडी येणार. ती धूसरता पुसून निघण्यासारखी असते की काचच खराब झाली आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

ऋणप्रत

भिंगाचे नाव शेवटी पाहा, हे मला पूर्णपणे पटत नाही. तीन काचांच्या साध्या भिंगात आणि चार काचांच्या टेस्सार किंवा कलर-स्कोपारमध्ये फरक असतो, तो निगेटिव्ह मोठी करून पाहिल्यावर दिसतो. शिवाय भिंगावरच्या, काचेतली चकाकी कमी करणाऱ्या लेपाचा मुद्दा आहे. झाइसमध्ये १९३५ च्या सुमारास लेप देण्याची पद्धत विकसित झाली, तरी सामान्य घडीच्या कॅमेऱ्यांवर लेपाची भिंगे महायुद्धानंतरच सर्रास दिसू लागली. रंगीत फिल्म वापरायची असेल किंवा सूर्य चौकटीच्या जवळ येणार असेल, तर बिनलेपाचे भिंग त्रास देते. मी तर अंतरमापक जोडलेलाच कॅमेरा घ्यावा असे म्हणेन. १९३४ मध्ये आलेल्या सुपर इकोंटामध्ये भिंगाशेजारच्या दांडीवर फिरत्या पाचरीसारख्या काचा आहेत आणि त्या फोकसच्या कड्याशी दातेरी चाकांनी जोडलेल्या आहेत. नजरेने अंतर अजमावून मोठ्या निगेटिव्हवर माणसांची चित्रे काढणे म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ आहे.

जुनाभाता

ऋणप्रत, फरक आहे हे मान्य, पण तो कुठे दिसतो ते पाहायला हवे. भिंग पूर्ण उघडे ठेवून f/३.५ वर (f चा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे) कोपरे तपासले, तर चार काचांचे भिंग उघडपणे पुढे आहे. f/११ वर तुमच्या दोन निगेटिव्ह मिसळल्या, तर मधल्या भागावरून कोणती कोणत्या भिंगाची हे तुम्हालाही सांगता येणार नाही, अशी माझी पैज आहे. हे कॅमेरे हातात धरून उन्हात f/८ ते f/१६ वर वापरायचे असतात. तिथे सरळ उभे असलेले साधे भिंग, तिरक्या उभ्या असलेल्या हेलियारसारख्या नामांकित भिंगापेक्षा केव्हाही चांगले.

अंतरमापकाविषयी मात्र एक सावधगिरी सांगतो. जोडलेला अंतरमापक उपयोगाचा असतोच, पण कोणीतरी मध्ये भिंगाची पुढची काच काढून चुकीच्या जागी बसवली असेल, तर अंतरमापक एक सांगतो आणि भिंग दुसरेच करते, आणि तुम्ही पूर्ण विश्वासाने धूसर चित्रे काढता. न जोडलेला अंतरमापक असलेले कॅमेरेही आहेत. त्यांत अंतर वाचायचे आणि हाताने भिंगाच्या कड्यावर लावायचे. हे जरा सावकाशीचे आहे, पण त्यात बिघडण्यासारखे कमी असते.

लेपाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. महायुद्धानंतरचा, ६×६ चा, लेपाच्या भिंगाचा कॅमेरा हा नवख्यासाठी मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो.

प्रथमरोल

आपणा सर्वांच्या सल्ल्याने एक कॅमेरा घेतला आहे. १९५० च्या दशकातला, ६×६ चा, ७५ मिमीचे तीन काचांचे लेपाचे भिंग, अंतरमापक नाही. पाटी डुगडुगत नाही. विजेरी लावून भाता पाहिला, मला छिद्र दिसले नाही. १ सेकंदाची गती जवळजवळ अडीच सेकंद रेंगाळते, पण १/२५ च्या पुढे सारे ठीक वाटते. फक्त एक गोष्ट कळत नाही : शटर ओढले, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणली, तरी वरचे बटण दाबले जात नाही. कॅमेरा बिघडलेला आहे का?

तांबडीखिडकी

बहुधा नाही. एकाच चौकटीवर दोनदा चित्र पडू नये म्हणून काही कॅमेऱ्यांत वरचे बटण फिल्म पुढे सरकवल्याशिवाय मोकळे होत नाही, आणि आत फिल्मच नसेल तर ते अडूनच राहते. शटरच्या कडेला बटणाची दांडी ज्या लहान खटक्याला ढकलते, तो खटका बोटाने दाबून पाहा. शटर सुटले तर सर्व ठीक आहे.

आता फिल्म भरण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण पहिला रोल वाया जातो तो बहुतेक इथेच.

सावलीत उभे राहून मागची झडप उघडावी. नवा रोल एका बाजूला आणि रिकामे स्पूल गुंडाळण्याच्या बाजूला बसवावे. कागदाचे टोक रिकाम्या स्पूलच्या फटीत सरळ घालून दोन वेढे घ्यावेत आणि कागद दोन्ही कडांना सारखा बसला आहे ना, हे पाहूनच झडप लावावी. या सर्व वेळात नवा रोल अंगठ्याने दाबून धरावा, तो सैल पडला तर कडेने उजेड आत शिरतो. काढतानाही तसेच. भरलेला रोल हातात घेतल्याबरोबर घट्ट धरून चिकटपट्टी लावावी.

मागच्या लाल खिडकीतून कागदावरचे आकडे दिसतात. १२० च्या कागदावर तीन चौकटींसाठी आकड्यांच्या तीन रांगा असतात आणि खिडकीची जागा तुमच्या चौकटीच्या रांगेवर बेतलेली असते. काही फिल्मचे आकडे इतके फिके राखाडी असतात की चांगल्या उजेडाशिवाय ते दिसत नाहीत आणि नेमका तोच उजेड फिल्मला घातक असतो. ही खिडकी लाल असण्याचे कारण असे की जुन्या काळच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे. आजच्या फिल्म लाल रंगालाही संवेदनशील आहेत. म्हणून खिडकीला झाकण असेल, तर फक्त गुंडाळताना, तेही कॅमेरा आपल्या अंगाच्या सावलीत धरून, ते उघडावे. झाकण नसेल तर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा.

यानंतरची गोष्ट मला फार उशिरा कळली. घडीचा कॅमेरा झटक्यात उघडू नये. बटण दाबल्यावर पुढची झडप दुसऱ्या हाताने धरून सावकाश खाली येऊ द्यावी. भाता एकदम ताणला गेला की आत पोकळी निर्माण होते, बाहेरची हवा आत यायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि फिल्म पुढच्या बाजूला ओढली जाऊन तिला फुगवटा येतो. म्हणून फिल्म पुढे सरकवायची ती कॅमेरा उघडल्यानंतर आणि चित्र काढण्याच्या अगदी आधी. आधीच सरकवून कॅमेरा मिटवून ठेवला, तर उघडताना तीच चौकट ओढली जाते. गुंडाळल्याने फिल्म पुन्हा ताणली जाते. ज्यांच्या चित्रांत मधलाच भाग विनाकारण धूसर येतो, त्यांनी भिंगाला दोष देण्याआधी आपली ही सवय तपासावी.

चित्र काढण्याचा माझा क्रम असा : उघडणे, गुंडाळणे, भिंगाचे छिद्र आणि गती लावणे, अंतर लावणे, शटर ओढणे, दाबणे. यातली एक पायरी मागेपुढे झाली की गोंधळ होतो. जुन्या कॉम्पूर-रॅपिड शटरमध्ये सर्वांत वरची गती वेगळ्या स्प्रिंगवर चालते, म्हणून ती शटर ओढण्याच्या आधीच लावावी लागते, नंतर जबरदस्ती करू नये.

प्रथमरोल

तांबडीखिडकी ताई, मनापासून आभार. प्रकाश आणि अंतर यांबद्दलही कोणी थोडे लिहील का?

जुनाभाता

प्रकाशासाठी जुना नियम पुरतो. लख्ख उन्हात f/१६ आणि फिल्मच्या आयएसओ, म्हणजे संवेदनशीलतेच्या, आकड्याएवढी गती. १०० च्या फिल्मला १/१००, आणि तुमच्या शटरवर नेमकी हीच गती असण्याची शक्यता मोठी आहे, कारण जुन्या शटरवर १/२५, १/५०, १/१०० असे टप्पे असत. ढगाळ झाले की एक-दोन टप्पे छिद्र उघडायचे. तुमच्या कॅमेऱ्यावर कुठे डीआयएन (संवेदनशीलतेचे जुने जर्मन माप) आकडे असतील तर २१ म्हणजे १०० आणि २७ म्हणजे ४००. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहन करते, कमी प्रकाश मात्र सहन करत नाही. त्यामुळे जुने शटर थोडे रेंगाळले तरी नुकसान होत नाही.

अंतराचे गणित ७५ मिमीच्या भिंगासाठी सोपे आहे. f/११ वर सुमारे १० मीटर लावले, तर ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि f/१६ वर ७ मीटर लावले, तर साडेतीन मीटरपासून. झाइसच्या काही कॅमेऱ्यांवर अंतराच्या आणि छिद्राच्या कड्यावर लाल ठिपका असतो, तो याच हिशेबाने दिलेला आहे. मी ६×९ बद्दल जे म्हणालो त्याचेही कारण इथे दिसते. १०५ मिमीच्या भिंगाला ५ मीटरपासून पुढे स्पष्ट हवे असेल, तर f/२२ लागते.

जवळच्या माणसासाठी एक युक्ती आहे. तुमच्या ६×६ चौकटीत उभ्या माणसाचे डोके आणि पाय वरच्या-खालच्या कडांना जेमतेम टेकत असतील, तर तो साधारण सव्वादोन मीटरवर आहे. तिथे f/८ वर मागेपुढे मिळून सुमारे ७५ सेंटिमीटरची मोकळीक मिळते. तेव्हा ऋणप्रत यांचा ‘नशिबाचा खेळ’ हा शब्द मला थोडा कडक वाटतो.

ऋणप्रत

शब्द मागे घेतो, मत घेत नाही. f/८ वर ७५ सेंटिमीटर मिळतात, f/३.५ वर किती मिळतात तेही सांगावे. संध्याकाळी घरात माणसे बसलेली असतात, तेव्हा f/८ कुठून आणायचा?

एक सूचना मात्र सर्वांच्या उपयोगाची आहे. शटरचा खटका भिंगावर असल्यामुळे दाबताना भिंगच हलते. १/५० किंवा त्याहून मंद गतीला केबल रिलीज (शटर दाबण्याची लवचिक तार) लावावी.

प्रथमरोल

पहिला रोल धुऊन आला आहे. १२ पैकी ४ चौकटी पाहून आनंदाने उडी मारावीशी वाटली, कारण इतक्या बारीक छटा मी ३५ मिमीवर कधी पाहिल्या नव्हत्या. उरलेल्यांत तीन तक्रारी आहेत.

पहिली : सात चौकटींत एकाच कोपऱ्याजवळ उजेडाचा ओघळ आहे, म्हणजे निगेटिव्हवर काळा डाग. तो काही चौकटींत गडद आणि काहींत पुसट आहे. दुसरी : दूरचे डोंगर क्षितिजावर फोकस लावूनही धूसर आहेत, पण त्याच चित्रात माझ्यापासून आठ-दहा पावलांवरची झुडपे तीक्ष्ण आहेत. तिसरी : सातव्या चौकटीवर दोन चित्रे एकमेकांवर पडली आहेत.

तांबडीखिडकी

तिसरीचे उत्तर देते. वरच्या बटणाला कुलूप असले, तरी तुम्ही शटरचा खटका बोटाने दाबायला शिकला आहात, आणि ते कुलूप तिथे लागू होत नाही. ही सवय बहुधा माझ्याच सल्ल्याने लागली, तेव्हा दोषात माझाही वाटा आहे.

चिमटा

पहिल्या तक्रारीसाठी एकच प्रश्न : तो डाग चौकटीच्या आतच थांबतो, की चौकटीबाहेर फिल्मच्या कोऱ्या कडेपर्यंत जातो? कडेपर्यंत जात असेल, तर उजेड मागच्या झडपेतून, लाल खिडकीतून किंवा सैल रोलमधून आला आहे. आतच थांबत असेल, तर तो समोरून, म्हणजे भात्यातून आला आहे, कारण भात्यातल्या उजेडाला फिल्मवर पोहोचण्यासाठी चौकटीच्या खिडकीतूनच जावे लागते.

प्रथमरोल

आतच थांबतो. कडा अगदी स्वच्छ आहेत. आता आठवले की ज्या चौकटींत डाग गडद आहे, त्या वेळी मी योग्य क्षणाची वाट पाहत कॅमेरा उघडा ठेवून बराच वेळ उन्हात उभा होतो.

चिमटा

मग भात्यातच छिद्र आहे, आणि जितका वेळ भाता उन्हात उघडा राहील तितका डाग गडद होणार. तुम्ही विजेरीने पाहिलेत तेव्हा भाता बहुधा स्थिर ठेवला असेल. पुन्हा पाहा, पण या वेळी भात्याच्या घड्या बोटाने हलकेच उकलत, विजेरी आत तिरकी फिरवत. काही छिद्रे घडी एका विशिष्ट कोनात आली तरच उघडतात.

एक-दोन छिद्रे असतील, तर कापडावर वापरतात तो काळा अ‍ॅक्रिलिक रंग बारीक कुंचल्याने, अगदी पातळ थरात, बाहेरून लावावा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले. पूर्ण वाळेपर्यंत, किमान एक दिवस, कॅमेरा उघडाच ठेवावा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतील. चिकटपट्टीचे तुकडे लावू नयेत, त्यांची जाडी वाढली की भाता मिटताना पट्ट्यांवर ताण येतो आणि पाटीच तिरकी होते. छिद्रे चार-पाचपेक्षा अधिक निघाली, तर रंग हा तात्पुरता उपाय आहे असे समजून नवा भाता बसवून घ्यावा.

दुसऱ्या तक्रारीत भिंगाचा दोष नाही. जवळचे तीक्ष्ण आणि दूरचे धूसर, याचा अर्थ फोकसचे कडे क्षितिजावर असताना भिंग खरे तर जवळच फोकस करते आहे. आधी कोणीतरी भिंग स्वच्छ करताना पुढची काच काढून कडे चुकीच्या जागी आवळलेले असणार. बहुतेक कॅमेऱ्यांत कड्याच्या परिघावर तीन सूक्ष्म स्क्रू असतात. ते सैल केले की कडे काचेपासून वेगळे फिरते.

नीट करण्याची रीत अशी. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागची झडप उघडावी आणि फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवर घासलेल्या काचेचा सपाट तुकडा, घासलेली बाजू भिंगाकडे ठेवून, बसवावा. शटर टी वर (एकदा दाबले की उघडेच राहते), किंवा बी वर (दाबून धरले तोवर उघडे राहते) ठेवून केबल रिलीजने अडकवून उघडे ठेवावे आणि छिद्र पूर्ण उघडावे. शंभर-दोनशे मीटरहून दूरचा एखादा खांब किंवा मनोरा समोर धरून, मोठे करणाऱ्या काचेतून काचेवरचे चित्र पाहत पुढची काच हळूहळू फिरवावी. तीक्ष्णतेच्या थोडे पलीकडे जाऊन परत यावे, म्हणजे नेमका बिंदू हाताला कळतो. मग काच तशीच धरून कडे क्षितिजाच्या खुणेवर आणावे आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. हे स्क्रू मोहरीएवढे असतात. खाली पांढरा रुमाल अंथरल्याशिवाय हे काम करू नये, हा सल्ला मी जमिनीवर पालथे पडून मिळवला आहे.

प्रथमरोल

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. भात्याला दोन छिद्रे निघाली, दोन्ही एकाच कोपऱ्यात, आणि एक तर घडी उकलल्यावरच दिसले. रंग लावला. क्षितिजाचे फोकस लावायला पूर्ण दुपार गेली, त्यात एक स्क्रू खरोखरच रुमालावर पडला. दुसऱ्या रोलवर डाग नाही आणि डोंगर तीक्ष्ण आहेत. बाराव्या चौकटीत मात्र भावाचे डोके वरून छाटले गेले आहे. आता रंगीत पारदर्शिकेची (स्लाइडची) फिल्म वापरून पाहावी का?

तांबडीखिडकी

डोके छाटले गेले, कारण व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर आहे आणि जवळच्या वस्तूसाठी दोघांच्या नजरेत फरक पडतो. दीड-दोन मीटरवर वरच्या बाजूला थोडी जास्त जागा सोडत जा.

जुनाभाता

पारदर्शिकेची फिल्म अर्ध्या टप्प्याची चूकही दाखवते, तुमचे शटर प्रत्येक गतीला किती चुकते हे तुम्हाला अजून माहीत नाही. आधी एका निगेटिव्ह रोलवर एकच दृश्य, तिपाईवर, १/२५, १/५०, १/१०० आणि सर्वांत वरची गती अशा क्रमाने, छिद्र त्या प्रमाणात बदलत टिपा. चारही निगेटिव्ह सारख्याच घनतेच्या आल्या, तर पारदर्शिका वापरायला हरकत नाही. एखादी गडद आली, तर ती गती कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाकिटात ठेवा आणि तेवढे छिद्र बंद करत जा.

चिमटा

आणि १ सेकंदाच्या गतीसाठी शटर साफ करून घ्याल तेव्हा घ्या, तोवर ती वापरू नका. कॅमेरा ठेवताना शटर ओढलेले ठेवू नये, भाता मिटलेला असावा, आणि चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नये, कारण पाकिटात ओल धरून राहते आणि बुरशीला तेच हवे असते. अधूनमधून फिल्मशिवायच प्रत्येक गतीवर पाच-सहा वेळा शटर सोडावे. स्वयंचलित विलंबाचा खटका सोडून.

प्रथमरोल

तो खटका मी काल एकदा ओढला होता. सुटला. पुन्हा ओढणार नाही.